जिथे थबकलात ती जागा

गाण्याच्या मैफलीत एखादी ‘जागा’ येते. गायक आपल्या चालीने चाललेला असतो आणि मधेच एक वळण असं घेतो की पुढे बसलेल्यांच्या तोंडून नकळत ‘आहा’ निघतं. घरी जाताना लोक बंदिशीचे शब्द विसरलेले असतात, पण ती जागा एकमेकांना गुणगुणून दाखवत असतात. हा शब्द मला फार आवडतो. पुस्तकांना, सिनेमांना, कवितांनाही तो तितकाच लागू पडतो असं मला वाटतं.

तर गेल्या काही महिन्यांत जे वाचलंत, पाहिलंत, ऐकलंत, त्यातली अशी एक जागा इथे सांगा. कथानक दोन ओळींत आटपलं तरी चालेल. चांगलं-वाईट ठरवायची गरज नाही. कुठे थबकलात आणि तेव्हा तुमचं काय चाललं होतं, एवढं सांगा. नवंकोरंच हवं असंही नाही. तीस वर्षांपूर्वीचं पुस्तक गेल्या आठवड्यात पुन्हा उघडलं असेल तर तेही नुकतंच.

सुरुवात मी करते. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५) मी कॉलेजात असताना पाहिला होता. तेव्हा लक्षात राहिलं ते काशफुलांतून धावणारं भावंडांचं जोडपं आणि आगगाडी. आता पन्नाशीत पुन्हा पाहिला. त्या भावंडांचा बाप हरिहर बऱ्याच महिन्यांनी घरी येतो. मागे मुलगी दुर्गा गेली, याची त्याला कल्पना नाही. आणलेल्या वस्तू तो हौसेने एकेक करून दाखवतो आणि दुर्गासाठी घेतलेली साडी बायकोच्या हातात ठेवतो. इथे सर्वजयाचा बांध फुटतो. तिचं तोंड उघडतं, पण रडणं ऐकू येत नाही. त्या जागी वाजते तारशहनाई हे गजाने वाजवायचं तंतुवाद्य, वरच्या सुरांत, पटदीप रागात. संगीत रविशंकरांचं आणि वाजवणारे दक्षिणामोहन टागोर.

माझा मोठा भाऊ गेला त्या रात्री वहिनीचं असंच झालं होतं. तोंड उघडं, आवाज नाही. इतकी वर्षं ते दृश्य माझ्याजवळ तसंच मुकं पडून होतं. त्या दुपारी पहिल्यांदा मला ते ऐकू आलं. सिनेमा तिथेच थांबवून मी वहिनीला फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलत बसले.

•

माझी जागा एका शब्दाची आहे : ‘असला’.

मुलीला बालकवींची ‘औदुंबर’ पाठ करायची होती. आठ ओळींची कविता, मलाही शाळेत होती, म्हणून मी न बघताच म्हणून दाखवली. शेवटची ओळ झाली, ‘पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर’, आणि ती म्हणाली, “असला म्हणजे कसला?”

मी म्हटलं, “असला म्हणजे असा.”

“पण कसा ते कुठे सांगितलंय?”

मला उत्तर देता येईना. मग आम्ही दोघं पुस्तक उघडून बसलो. औदुंबर कसा आहे हे कवीने कुठे लिहिलंय का, ते शोधायला लागलो. आधी दोन्ही तटांवरची हिरवाळी, मग निळासावळा झरा, मग शेतमळ्यांची हिरवी गर्दी. त्यातून जाणारी पायवाट पांढरी, ती हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडे निघालेली, आणि शेवटी पाण्यावर पसरणारा काळिमा. मुलीने प्रत्येक रंगाखाली पेन्सिलने रेघ मारली. सात रेघा झाल्या. शेवटच्या ओळीखाली एकही नाही. एवढे रंग वापरून झाल्यावर झाडाला मात्र कवीने रंगच दिलेला नाही.

मग तिनेच आणखी एक गोष्ट काढली. कवितेत चार घरांचं गाव आहे, पायवाट आहे, म्हणजे माणसं असणार, पण एकही माणूस दिसत नाही. पाण्यात पाय सोडून माणसासारखं बसलंय ते फक्त झाड. मी ही कविता पस्तीस वर्षं तोंडपाठ म्हणत आलो आहे. गावात कुणीच नाही हे मला एकदाही जाणवलं नव्हतं.

तिचा शेवटचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ‘झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर’ या ओळीत गोड काय आहे, जळ की काळिमा? वाचताना कुठे थांबता त्यावर ते ठरतं. या आठ ओळींवर समीक्षकांनी भरपूर लिहून ठेवलं आहे. कुणाला त्यात उदासी दिसते, कुणाला विरक्ती. मला त्या संध्याकाळपासून त्यात सात पेन्सिलीच्या रेघा दिसतात. बालकवी १९१८ मध्ये गेले, सत्तावीस वर्षांचे होते. ‘असला’ हा शब्द लिहिताना त्यांना तो औदुंबर समोर दिसत असणार. आपल्यालाही दिसतोय असं धरूनच ते बोलतात. बोट दाखवायचं, वर्णन करायचं नाही. एवढा विश्वास वाचणाऱ्यावर ठेवलेला मी क्वचितच पाहिला आहे.

•

मी कोर्टात लघुलेखक होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) मुद्दामच पाहिला नव्हता. तेच घरी कशाला बघायचं, असं वाटायचं. मुलाच्या आग्रहामुळे गेल्या महिन्यात पाहिला.

एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला भरला आहे. त्याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप. शाहिराची भूमिका वीरा साथीदार यांनी केली आहे. कॅमेरा बहुतेक वेळ लांब, एका जागी ठेवलेला. माझं टेबल असायचं साधारण तिथेच.

त्या कामगाराची बायको साक्षीला येते. ती बिचारी प्रश्नाला तेवढ्यास तेवढं उत्तर देते. नवरा खाली उतरण्याआधी झुरळ बाहेर येतंय का ते बघायचा, झुरळ दिसलं म्हणजे खाली श्वास घेता येईल. ती हे सांगते तेव्हा आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही, पार्श्वसंगीत नाही. खटल्याचं सगळं चित्र त्या एका झुरळाने बदलतं, आणि तिला त्याचा पत्ताही नसतो.

आणि साक्षीदार बोलतो ते न्यायाधीश आपल्या शब्दांत टंकलेखकाला सांगतात, त्या प्रत्येक वेळी माझी बोटं मांडीवर हलत होती. बोलणं कागदावर येताना नीट होतं, व्याकरणात बसतं, आणि माणसाच्या तोंडून ते जसं आलं होतं तसं कुठेच उरत नाही. माझ्या हातांखालून अशी किती माणसं गेली असतील. वाईट हेतूने नव्हे. कामाची रीतच ती. पण एका मजूर बाईने एकदा ‘माझं पोर’ म्हटलं होतं आणि कागदावर ‘मयत मुलगा’ आलं, ते मी विसरलेले नाही.

शेवटाकडे कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दालनातले दिवे बंद होतात आणि पडदा काळा होतो. मला वाटलं, संपला. उठलेसुद्धा. पण पुढे आणखी आहे, ते सांगत नाही. काळ्या पडद्यासमोर मी उभी होते तेवढा वेळ मला पुरला.

•

‘बनगरवाडी’. पहिल्या नेमणुकीचा आदेश हातात पडला त्या रात्री वाचायला घेतली, दोन बैठकींत संपली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची. एक तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो, गाव त्याला हळूहळू आपलं म्हणतं, मग दुष्काळ पडतो आणि माणसं मेंढरं घेऊन गाव सोडतात.

माझी जागा सुरुवातीची आहे. मास्तर गावात पोचतो तेव्हा कुणी त्याची वाट पाहत नसतं. मला वाटायचं, शिक्षक यायचा म्हणजे मुलं दारात उभी असतील. आता मी माझ्या शाळेत रुजू झालो आहे. पहिल्या दिवशी सात मुलं होती. घाबरलो नाही, कारण वाचलेलं होतं.

•

सहा महिने क्षयाच्या गोळ्या घेतल्या. आता बरा आहे. जिना चढताना दम लागतो आणि लांबून कुणाला हाक मारायची झाली तरी मधे श्वास घ्यावा लागतो. मी काही गायक नव्हे. कामावरून परतताना मोटरसायकलवर मोठ्याने गायची सवय होती, तेवढीच. जीव वाचला असताना ती गेल्याचं दुःख कुणाला सांगायचं?

कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षय झाला होता, हे मला आजारपणातच कळलं. लहान वयात नावाजलेले गायक. हवापालटासाठी १९४८ मध्ये देवासला जाऊन राहिले, आणि काही वर्षं गाणं पूर्ण बंद. पडल्यापडल्या माळव्यातल्या बायकांची लोकगीतं कानावर येत. पुढे उठून गायला लागल्यावर ते सूर त्यांच्या गाण्यात आले, आणि निर्गुणी भजनंही.

‘सुनता है गुरु ग्यानी’ मी रोज रात्री ऐकत होतो. त्यात ‘झीनी झीनी’ हे शब्द येतात. झीनी म्हणजे बारीक, तलम. आकाशात एक तलम आवाज होतो आहे, असं भजन म्हणतं. या शब्दांवर त्यांचा आवाज असा होतो की, कान टवकारून ऐकावं. आणि लगेच काही नाही. फक्त तंबोरे. तेवढ्या वेळात मी माझा श्वास घेतला. पहिल्यांदा आपोआप घेतला गेला. नंतर लक्षात आलं, दर वेळी तिथेच घेतो.

‘एका फुप्फुसाचं गाणं’ असं कौतुकाने म्हणतात ते मला मुळीच पटत नाही. दम पुरत नाही म्हणून थांबणं मला आता चांगलं ओळखता येतं, सहा महिने तेच करत होतो. हे तसलं थांबणं नाही. शब्द संपल्यावर तो खोलीत जरा फिरू द्यायचा, असं ठरवून केलेलं ते थांबणं आहे. आजाराने त्यांना काय दिलं आणि काय नेलं हे आपण बाहेरून सांगू नये, असं मला वाटतं.

आता मी घरात बारीक आवाजात गातो. दोन शब्द, श्वास, पुन्हा दोन शब्द.

•

औदुंबरातला गोड काळिमाच. पाण्याला गोड म्हणायला कवी लागत नाही. तुमच्या मुलीला माझं मत कळवा.

•

माझी जागा कुठल्या ओळीत नाही, दोन पुस्तकांच्या मधे आहे. इंदिरा संतांचा पहिला संग्रह ‘सहवास’, त्यांचा आणि पती ना. मा. संत यांचा मिळून. १९४६ मध्ये ते गेले. मग १९५१ मध्ये ‘शेला’ आला, एकट्या इंदिराबाईंचा. मी दोन्ही ग्रंथालयातून एकाच दिवशी आणली होती आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. माझे पती जाऊन दोन वर्षं होतील. लोक म्हणतात आता लिहा, काहीतरी करा, मन रमवा. त्या पाच वर्षांत इंदिराबाईंना घरात, मुलांत, नोकरीत काय काय करावं लागलं असेल, ते मी बसून मनात आणत होते. ‘शेला’ अजून उघडलेला नाही. मुदत वाढवून घेतली आहे.

•

यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’, १९५३ चा. म्हातारे आईवडील शहरातल्या मुलांकडे येतात, मुलांना सवड नसते, ते परत जातात आणि थोड्याच दिवसांत आई जाते. कुणी दुष्ट नाही, कुणाचं भांडण नाही. वडिलांचं काम करणारे चिशू र्‍यू तेव्हा पन्नाशीच्याही आत होते. हे नंतर वाचलं तेव्हा पुन्हा जाऊन त्यांची मान आणि खांदे पाहिले.

आई पहाटे जाते. मुलं खोलीत रडत असतात आणि वडील कुठे दिसत नाहीत. सून नोरिको त्यांना शोधत बाहेर जाते. ते एकटे उभे असतात. तिला म्हणतात, सूर्योदय फार सुंदर झाला. आजही उकडणार. आणि तिच्याबरोबर चालत घरी येतात.

आमची आई गेली त्या सकाळी अण्णा म्हणाले होते, “टाकी भरून घ्या, आठला पाणी जातं.” माझ्या धाकट्या बहिणीच्या ते इतकं जिव्हारी लागलं की आठ वर्षं ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत आली. मी मधे पडायचो, समजावायचो, अण्णांचा स्वभावच तसा म्हणायचो. स्वभाव या शब्दाने कुणाचं समाधान होत नाही. मलाही खरं म्हणजे कळलेलं नव्हतं की एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे माणूस पाण्याच्या टाकीबद्दल का बोलतो. र्‍यू यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं. त्या वेळी तोंडातून निघू शकेल असं तेवढंच उरलेलं असतं.

बहिणीला सिनेमा बघायला सांगितला. का, ते सांगितलं नाही. तिने दोन दिवसांनी रात्री फोन केला. सिनेमाचं नावसुद्धा काढलं नाही. “अण्णा झोपलेत का?” एवढंच विचारलं.

•

सा रे ग प ध. भूपाचे पाच स्वर. देशकाराचेही हेच पाच. मध्यम आणि निषाद, म्हणजे म आणि नी, दोघांतही नाहीत. मी बावन्नाव्या वर्षी गाणं शिकायला लागले, आणि बाईंनी हे सांगितलं तेव्हा वाटलं, मग एकाच रागाला दोन नावं कशाला?

मी भूप गात होते, अर्धा तास झाला असेल. बाई म्हणाल्या, “देशकार झाला हा.” स्वर एकही चुकला नव्हता. चुकलं होतं ते राहणं. भूप गंधारापाशी, म्हणजे ग वर घर करतो, देशकार धैवतापाशी, म्हणजे ध वर. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरातला, देशकार सकाळचा. मी धैवतावर जाऊन बसत होते, कारण तिथे माझा आवाज छान लागतो.

घरी येऊन किशोरी आमोणकरांचा भूप लावला, ‘सहेला रे’. तो याआधी मी शंभर वेळा ऐकला असेल, स्वयंपाक करताना, प्रवासात. पण या खेपेला फक्त गंधार ऐकायचा असं ठरवून बसले. त्या तिथे कशा येतात? वरून उतरताना, खालून चढताना, दर वेळी थोड्या निराळ्या वाटेने. धैवतावर जातात, नाही असं नाही, पण तिथे असतानाही मन गंधाराकडे लागलेलं असतं आणि ते ऐकू येतं. हे मला शब्दांत नीट मांडता येत नाही. माहेरी गेलेल्या बाईचं लक्ष चुलीवर ठेवलेल्या दुधाकडे असावं तसं काहीतरी.

माझी जागा ‘सहेला’ या शब्दातली आहे. तो शब्द पुन्हा पुन्हा येतो, सखा म्हणून हाक मारलेली आहे. आणि दर हाकेत गंधार आधीपेक्षा जवळ येतो. आई मोगूबाई कुर्डीकर याच त्यांच्या गुरू, आणि तालीम कडक असे हे किशोरीताईंनी स्वतःच सांगितलेलं आहे. एक स्वर इतका वेळ जवळ घेऊन बसायची सवय त्यातूनच लागली असणार.

गेल्या मंगळवारी मी धैवतावरून वेळेत परत आले. बाई काही बोलल्या नाहीत. थांबवलंही नाही.

•

दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. कडेचं दिसतं, पण वाचता येत नाही. साठ वर्षांची सवय सुटली तेव्हा मी फार चिडचिडा झालो होतो. नात म्हणाली, “आजोबा, मी वाचते.” ती अकरावीत आहे. रोज रात्री अर्धा तास. आम्ही ‘पर्व’ घेतलं, एस. एल. भैरप्पांची महाभारतावरची कादंबरी, उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेली.

सुरुवातीला मला सहन होत नव्हतं. ती भराभर वाचायची, विरामचिन्हं गिळायची. मी दर दोन वाक्यांनी थांबवायचो. एक दिवस ती म्हणाली की उमाताईंना कन्नड लिपी वाचता येत नव्हती, हे तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत नव्हतं. भाषा कानाने येत होती. पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून टेपवर ध्वनिमुद्रित करायचे आणि त्या ऐकत ऐकत मराठी करायच्या.

म्हणजे जे मराठी मी ऐकत होतो ते मुळात कुणीतरी घरच्या माणसाच्या आवाजात ऐकूनच उतरलेलं. तेव्हापासून मी नातीला थांबवणं सोडलं. आता कुंतीच्या आठवणींचा भाग चालू आहे, फार मोठा आहे, आणि त्यात एका बाईने आयुष्यभर न बोललेलं सगळं येतं. काल वाचताना नातीचा आवाज एका वाक्यावर हळू झाला. विरामचिन्ह नव्हतं तिथे. ती आपल्या मनाने थांबली. मी विचारलं नाही का थांबलीस म्हणून. माझी जागा तीच.

•

रुग्णालयात साफसफाईचं काम करतो, अकरा वर्षं झाली. सिनेमावर लिहायची सवय नाही. पण इथलं वाचलं आणि वाटलं आपणही सांगावं.

‘परफेक्ट डेज’, २०२३ चा, विम वेंडर्स यांचा. टोकियोत सार्वजनिक शौचालयं साफ करणारा माणूस आहे, हिरायामा. कोजी याकुशो यांना या कामासाठी कान महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तो भल्या पहाटे उठतो, झाडांना पाणी घालतो, गाडीत कॅसेट लावतो, कामावर जातो. गोष्ट म्हणावी तर एवढीच.

तो एक छोटा आरसा वापरतो. भांड्याच्या खालच्या कडेला, जिथे कुणाची नजर जाणार नाही, तिथे आरसा धरून बघतो की साफ झालं का. मी खुर्चीत पुढे सरकलो. आम्ही हे बोटाने चाचपून बघतो. पण बघतो. हे कुणाला माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं. आणखी एक ठिकाण आहे. एक हरवलेलं मूल त्याला सापडतं, तो हात धरून त्याला बाहेर आणतो, आई येते आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता आधी मुलाचा हात पुसते. हिरायामाच्या चेहऱ्यावर राग येत नाही. मला आला. माझ्या बाबतीत हे झालेलं आहे, एकदा नाही. पण मग ते मूल जाताना वळून हात हलवतं. तेही माझ्या बाबतीत झालेलं आहे, आणि ते मी घरी कधी सांगितलं नव्हतं.

शेवटी गाडी चालवतानाचा त्याचा चेहरा खूप वेळ दिसतो, हसू आणि रडू एकत्र. लोक त्याबद्दल जास्त बोलतात, तेही बरोबर आहे. पण माझा आरसा.

बायको शेजारी होती. सिनेमा संपल्यावर म्हणाली, “तुमचं काम मी आज बघितलं.”

•

सगळ्यांचं वाचून माझीही सांगते. ही पुस्तकातली नाही, सिनेमातली नाही. जात्यावरची ओवी आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी १९८० च्या दशकापासून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर ओव्या आहेत. २०१७ पासून त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहात टप्प्याटप्प्याने येत आहेत, गाणाऱ्या बाईच्या नावासकट आणि पुष्कळदा तिच्या आवाजात. मी रोज झोपण्याआधी चार-पाच ऐकते. ज्यांना कुणी कवी म्हटलं नाही अशा बायकांच्या दोन-दोन ओळी, आणि त्यांत आई, भाऊ, सासर, विठ्ठल, सगळं. बहिणाबाईंची गाणी मुलाने टिपून ठेवली म्हणून १९५२ मध्ये छापून आली. या बायकांच्या मुलांनी टिपलेली नव्हती.

माझ्या आजीची एक ओवी मला अर्धीच येत होती. ‘जात्या ईसवरा, नको मला जड जाऊ.’ आजी दळायची तेव्हा मी चार-पाच वर्षांची, मांडीवर डोकं ठेवून पडलेली. पहिल्या ओळीला दगडाचा आवाज सुरू व्हायचा आणि दुसरी ओळ त्यात बुडून जायची. पुढे आजी गेली. दुसरी ओळ तिच्याबरोबर गेली असं मी धरून चालले होते.

गेल्या महिन्यात शोधता शोधता ती सापडली. ‘बयाच्या दुधाचा सया पाहत्यात अनुभऊ.’ बया म्हणजे आई. जात्या, जड जाऊ नकोस, आईच्या दुधात किती ताकद आहे ते माझ्या मैत्रिणी बघत आहेत. माझी सगळी समजूतच उलटी निघाली. मला ती इतकी वर्षं थकलेल्या बाईची विनवणी वाटत होती. ती तर आईच्या अब्रूसाठी जोर लावणाऱ्या मुलीची ओवी आहे. मैत्रिणी समोर बसल्या आहेत आणि दगड हलला पाहिजे.

मी लगेच आईला फोन लावला. म्हटलं, ऐक, आजीची ओवी मिळाली. आणि पहिली ओळ म्हटली. पुढची म्हणायला श्वास घेतला, तेवढ्यात पलीकडून आईनेच ती म्हटली, चालीसकट. मग म्हणाली, “तू कधी विचारलंच नाहीस.”

आणखी सात-आठ येतात म्हणाली. रविवारी जाणार आहे, वही घेऊन.